चिठ्ठीवर कारणही लिहा : मराठवाड्यातल्या बालरोगतज्ज्ञांना खुलं पत्र

सन्माननीय डॉक्टरसाहेब,

हे पत्र मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत खासगी एनआयसीयू (नवजात बाळांचे अतिदक्षता विभाग) चालवणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना आहे, शासकीय रुग्णालयांतले नवजात विभाग सांभाळणाऱ्यांना आहे आणि सार्वजनिक आरोग्य विभागात ज्यांच्या टेबलावरून या विषयाची फाइल पुढे सरकते, त्यांनाही आहे.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी देशभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना आणि डॉक्टरांच्या संघटनांना पत्र पाठवलं. मागणी साधी होती : अँटिबायोटिक लिहाल तेव्हा ते कशासाठी, हेही चिठ्ठीवर लिहा. आम्हा औषध विक्रेत्यांनाही आवाहन होतं की चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊ नका. आमच्या वाट्याचं आम्ही किती पाळलं, यावर कुणी खुलं पत्र लिहिलं तर मी ते दुकानात लावीन. तुमच्या वाट्याचं काय झालं ते मात्र मला रोज काउंटरवर दिसतं. परभणीत दवाखान्यांच्या गल्लीत माझं मेडिकल आहे. काचेत ठेवलेल्या बाळांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. वर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव, कारण बाळाचं बारसं व्हायचं असतं. खाली औषध असतं, डोस असतो, नशीब असेल तर वजनही असतं. कारण नसतं. किती दिवसांसाठी, तेही नसतं.

औषध विकणाऱ्यानं औषध कमी लिहा म्हणावं, हे अनेकांना चमत्कारिक वाटेल. मेरोपेनेम या महागड्या अँटिबायोटिकच्या एका व्हायलवर (इंजेक्शनच्या बाटलीवर) मला जे सुटतं, ते जेंटामायसिन या स्वस्त अँटिबायोटिकच्या अख्ख्या खोक्यावर सुटत नाही. तेव्हा हे पत्र धंद्याच्या फायद्यासाठी लिहिलेलं नाही, एवढं धरून पुढे वाचा.

आधी एक गोष्ट स्वच्छ करतो. अँटिबायोटिक सुरू केलं म्हणून माझी तक्रार नाही. तुमच्याकडे बाळ कसं येतं ते मी पाहतो. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे जातात, त्यात सातवा-आठवा महिना लागलेल्या बायाही असतात. फडावर कळा येतात, बाळंतपण कोपीत होतं, आणि चौदाशे ग्रॅमचं लेकरू लुगड्यात गुंडाळून थंडगार अवस्थेत दारात येतं. आईची तपासणी झालेली नसते, पाणी कधी गेलं ते कुणाला सांगता येत नाही. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर ताप येईलच असं नाही. दूध ओढत नाही, अंग थंड पडतं, मलूल होतं, श्वास मध्येच थांबतो. अशा वेळी रिपोर्टची वाट पाहत बसणारा डॉक्टर मलाही नको. शिवाय बाहेर नातेवाईक 'साहेब, भारीतलं इंजेक्शन लावा, पैशाचं बघू' म्हणत उभे असतात, आणि काही बरंवाईट झालं तर काचा फुटायला वेळ लागत नाही. हे सगळं मान्य.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार थांबवण्याबद्दल आहे. पहिल्या डोसआधी रक्ताचं कल्चर (रक्तातून जंतू उगवतात का ते पाहणारी तपासणी) घ्यायचं, औषध सुरू करायचं, ३६ ते ४८ तासांत कल्चरमध्ये काही उगवलं नाही आणि बाळ ठीक असेल तर औषध बंद करायचं, हे तुम्हालाच पुस्तकात शिकवलेलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांचा क्रम वेगळाच असतो. पहिल्या दिवशी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि अमिकासिन. तिसऱ्या दिवशी बाळ जरा सुस्त वाटलं की मेरोपेनेम. त्यानंतर सोबतीला बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल. आठवडा उलटला की कोलिस्टिन. वर चढायच्या पायऱ्या आहेत, खाली उतरायची एकही नाही. आणि यातल्या किती बाळांचं कल्चर पहिल्या डोसआधी घेतलं होतं, हे नातेवाईकांना विचारलं तर ते सीआरपीचा (शरीरातल्या दाहाचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा) कागद पुढे करतात. कठीण बाळंतपणानंतर संसर्ग नसतानाही सीआरपी वाढतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ पासून अँटिबायोटिकचे तीन गट पाडले आहेत. पहिला नेहमीच्या वापराचा, दुसरा जपून वापरायचा, तिसरा राखून ठेवायचा. नवजात बाळाच्या संसर्गात सुरुवातीला अँपिसिलिन आणि जेंटामायसिन द्या असं तीच संघटना सांगते, आणि दोन्ही पहिल्या गटात आहेत. मेरोपेनेम दुसऱ्या गटात, कोलिस्टिन तिसऱ्या. आमच्या गल्लीत पहिला गट धूळ खात पडतो आणि दुसऱ्या गटाची ऑर्डर सारखी द्यावी लागते.

यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे, कारण ते मी अनेकदा ऐकलंय : 'अँपिसिलिन इथल्या जंतूंवर चालत नाही हो.' खरं असेलही. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्या असिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के, क्लेबसिएलापैकी ५४ टक्के आणि ई. कोलायपैकी ३८ टक्के जंतू एकाच वेळी अनेक औषधांना दाद देत नव्हते. पण ती दिल्ली झाली. परभणीत, हिंगोलीत, बीडमध्ये काय चालतं आणि काय चालत नाही, हे कुणी मोजलंय? मोजलं असेल तर तो तक्ता तुमच्या एनआयसीयूच्या भिंतीवर का नाही? आणि मोजलं नसेल, तर 'इथे चालत नाही' हे कशावरून? न मोजता भारीतलं वापरत गेलो तर उद्या तेही चालणार नाही, आणि त्यापुढे माझ्या रॅकमध्ये द्यायला काही नाही.

जास्त दिवस दिलं तर बिघडलं कुठे, असंही काही जण म्हणतात. अमेरिकेत एक किलोपेक्षा कमी वजनाच्या हजारो बाळांच्या नोंदींचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कल्चरमध्ये काहीच न उगवलेल्या ज्या बाळांना सुरुवातीचं अँटिबायोटिक पाच दिवस किंवा जास्त चाललं, त्यांच्यात आतडी सडण्याचा आजार किंवा मृत्यू यांचं प्रमाण अधिक दिसलं. नोंदींचा अभ्यास आहे, त्यावरून औषधानंच झालं असं छातीठोक म्हणता येत नाही. पण 'असू द्या, सुरक्षित आहे' असंही म्हणता येत नाही.

कल्चरची अडचण मी जवळून पाहतो. बाटली भरली तरी ती रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला किंवा संभाजीनगरला जाते, मध्ये रविवार आला की आणखी एक दिवस, आणि रिपोर्ट हातात पडतो तेव्हा बाळ तिसऱ्या औषधावर असतं. मग रिपोर्ट काहीही येवो, फाइलला लागतो. हे एकट्या डॉक्टरच्या हातात नाही. आरोग्य विभागाच्या वाट्याला त्याबद्दल पुढे बोलतो.

दुसरी तक्रार गरज नसलेल्या औषधांची. आयव्हीआयजीची, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची, चिठ्ठी आली की बाप माझ्यासमोर उभ्या उभ्या घरी फोन लावतो. एका व्हायलची किंमत हजारांत, आणि लागणार असतात अनेक. पुढचं संभाषण ठरलेलं असतं : सोयाबीन विकलं का, मुकादमाकडून आणखी उचल मिळेल का, बहिणीचे डोरले मोडायचे का. नवजात बाळांच्या जंतुसंसर्गात या औषधानं फायदा होतो का, हे पाहणारी मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे साडेतीन हजार बाळं होती. फायदा दिसला नाही. मृत्यूही कमी झाले नाहीत, दोन वर्षांच्या वयाला अपंगत्वही नाही. रक्तगट न जुळल्यानं होणाऱ्या काविळीसारख्या काही ठरावीक आजारांत हे औषध देतात, ते ठीक. पण चिठ्ठीवर कारण नसेल तर हे बाळ त्यातलं आहे की नाही, हे त्या बापाला कळणार कसं? 'इम्युनिटीचं इंजेक्शन आहे' एवढंच त्याला सांगितलेलं असतं.

तसंच रॅनिटिडिन हे ॲसिडिटीचं औषध. कमी दिवसांच्या, म्हणजे दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या पोटातलं आम्ल जंतूंना अडवणारी भिंत असते. ती पाडली की संसर्ग आणि आतड्यांचा तो आजार वाढल्याचं अभ्यासांत दिसलेलं आहे. अमेरिकेत २०२० मध्ये, वेगळ्या कारणानं का होईना, हे औषध बाजारातून काढून घेतलं गेलं. आमच्याकडे ते अजून 'बेबी ऑफ'च्या चिठ्ठीवर येतं, बहुधा पूर्वीपासून लिहिण्याची सवय आहे म्हणून.

सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक आणि कॅल्शियम ग्लुकोनेट एकाच चिठ्ठीवर पाहिलं की मी फोन करतोच. नवजात बाळाच्या शिरेत हे दोन्ही गेले तर फुप्फुसात आणि मूत्रपिंडात खडे साचून बाळं दगावल्याची नोंद आहे, आणि त्यावरचा इशारा २००७ पासूनचा आहे. त्यातून सेफ्ट्रिॲक्सोननं कावीळही अवघड होते. त्याऐवजी सेफोटॅक्सिम आहे, माझ्याकडे असतं. फोनवर बहुतेक जण लगेच बदलतात, काही जण 'तुम्ही द्या हो' म्हणतात.

तिसरी तक्रार थेंबांची आहे. जेंटामायसिनची मोठ्यांची अँप्युल ८० मिलिग्रॅमची, २ मिलीत. मुलांची २० मिलिग्रॅमची, तीही २ मिलीतच. १.२ किलोच्या बाळाला किलोमागे ५ प्रमाणे ६ मिलिग्रॅम द्यायचं म्हटलं तर मुलांच्या अँप्युलमधून ०.६ मिली काढायचं आणि मोठ्यांच्या अँप्युलमधून ०.१५. रात्रपाळीला असलेल्या एकट्या सिस्टरनं ०.६ची सवय धरून ८०ची अँप्युल फोडली तर चौपट डोस गेला. बाळ रडत नाही, काही दिसत नाही, मूत्रपिंडावर आणि कानावर काय व्हायचं ते होतं. चिठ्ठीवर नुसतं 'इंजे. जेंटा' लिहून येतं. कोणती अँप्युल, ते मी ठरवायचं का? कमी दिवसांच्या बाळाचं मूत्रपिंड कच्चं असतं, म्हणून हे औषध २४, ३६, कधी ४८ तासांनी द्यायचं असतं. तरी अजून काही चिठ्ठ्यांवर 'बीडी', म्हणजे दिवसातून दोनदा, असतं.

मेरोपेनेमचंही तसंच. सगळ्यात लहान व्हायल १२५ मिलिग्रॅमची. त्याच १.२ किलोच्या बाळाला, किलोमागे २० प्रमाणे, एका वेळी २४ मिलिग्रॅम लागतं. उरलेलं मिसळल्यावर फार टिकत नाही. मग एक तर फेका आणि पुढच्या डोसला नवीन व्हायल आणायला सांगा, नाहीतर तीच सुई टोचलेली व्हायल ठेवून द्या. दोन्ही होतं. दुसऱ्या प्रकारात औषधातूनच जंतू एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जाऊ शकतात, आणि आपण त्यावर आणखी भारीतलं शोधायला लागतो.

आता चौथी तक्रार. माझ्या भाचीचं बाळ सातव्या महिन्यात झालं. आधी तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, तिथून मोठ्या शहरात. दवाखान्यांची नावं घेत नाही, ती सगळी माणसं मनापासून धावली आणि लेकरू वाचलं. पण तालुक्याच्या रेफर चिठ्ठीवर एवढंच होतं : 'अँटिबायोटिक दिली आहेत.' कोणती, किती वेळा, काही नाही. पुढच्या डॉक्टरांनी साहजिकच वरच्या पायरीपासून सुरुवात केली. घरी येताना डिस्चार्ज कार्डवर वजन होतं, लसीची तारीख होती, औषधांच्या जागी 'अँटिबायोटिक्स व सपोर्टिव्ह ट्रीटमेंट' होतं.

लेकरू दीड वर्षाचं झालं तरी हाक मारल्यावर वळेना. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासलं, ऐकायला खूप कमी येतं असं निघालं. तिथल्या मॅडमनी विचारलं, जन्मल्यावर कोणती इंजेक्शनं दिली होती? आम्हाला सांगता येईना. मग मी जुन्या बिलांची पिशवी घेऊन बसलो आणि यादी लावली. अमिकासिन तिन्ही ठिकाणी निघालं; जेंटामायसिनच्याच जातीचं, कानावर परिणाम करू शकणारं. एका ठिकाणच्या बिलात तर नुसतंच 'इंजेक्शन व सर्जिकल' अशी एक ओळ आणि पुढे रक्कम. औषध विक्रेत्याच्या घरात ही स्थिती, तर कोपीतून आलेल्या बाईनं बिलं कुठून जपायची?

अमिकासिननंच बहिरेपण आलं असा आरोप मी करत नाही. दिवस कमी होते, कावीळ झाली होती, ऑक्सिजनवर होतं. कारण कोणतंही असेल. पण अशी औषधं पाच दिवसांहून जास्त मिळालेल्या बाळाची श्रवण तपासणी व्हायलाच हवी. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्याच्या आत उपचार सुरू, हे वेळापत्रक जगभर मानलं जातं. कार्डवर 'अमिकासिन, इतके दिवस, कान तपासा' एवढं लिहिलं असतं तर आमचं वर्ष वाया गेलं नसतं. भाषा शिकायच्या वयातलं ते वर्ष होतं.

आता आरोग्य विभागाशी दोन शब्द. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले आणि त्यात १२ नवजात बाळं होती, तेव्हा उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, मंत्री आले, कॅमेरे आले. सगळी चर्चा औषधं होती की नव्हती यावर झाली. ती व्हायलाच हवी होती. पण कोणतं औषध, कशासाठी, किती दिवस, हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला तेव्हाही दिसलं नाही आणि त्यानंतरही नाही. आमच्या एच-वन रजिस्टरचंच बघा. मेरोपेनेम, सेफ्ट्रिॲक्सोन यांसारख्या औषधांची प्रत्येक विक्री आम्ही त्यात लिहितो : डॉक्टर कोण, पेशंट कोण, औषध किती. वही तीन वर्षं जपतो. निरीक्षक येतात, वही भरली आहे का ते पाहतात, सही करतात. जिल्ह्यात नवजात बाळांवर किती मेरोपेनेम गेलं याची बेरीज त्या वह्यांत आहे, पण ती कधी कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. कारणाचा रकाना तर नाहीच.

आणि प्रयोगशाळेचं रडगाणं आता चालणार नाही. आज मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सूक्ष्मजीवशास्त्र विभागाशिवाय महाविद्यालय चालतच नाही. मग परभणीच्या बाळाची कल्चरची बाटली ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पुण्याला का जाते?

मागण्या फार नाहीत. डॉक्टरांकडे पहिली म्हणजे ती २०२४चीच, जरा वाढवून : चिठ्ठीवर बाळाचं वजन, अँटिबायोटिकचं कारण आणि पुन्हा विचार करायची तारीख. 'संशयित सेप्सिस (जंतुसंसर्ग), कल्चर पाठवलं, परवा बघू' एवढं पुरे. दुसरी, पहिल्या डोसआधी कल्चर, आणि मेरोपेनेमच्या पुढे जायचं असेल तर दुसऱ्या एका बालरोगतज्ज्ञाचं मत, फोनवर का होईना, फाइलवर लिहिलेलं. तिसरी, आयव्हीआयजीसारखं महागडं औषध लिहिण्याआधी त्याचा फायदा किती आणि कुणाला, हे आई-बापाला मराठीत सांगणं. चौथी, रेफर चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्ड या दोन्हींवर प्रत्येक इंजेक्शनचं नाव, डोस, पहिला दिवस, शेवटचा दिवस, आणि लागू असेल तिथे 'कान तपासा'.

शासनाकडे : आठही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा नवजात बाळांच्या कल्चरसाठी रविवारसह खुल्या करा, खासगी दवाखान्यांतल्या बाळांसाठीही, माफक दरात. त्यातून जिल्हावार अँटिबायोग्राम, म्हणजे कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालतं याचा तक्ता, दरवर्षी छापा. केरळनं २०१८ मध्ये स्वतःचा कृती आराखडा केला आणि ते राज्य हे तक्ते प्रसिद्ध करतं, आपल्याला कुणी अडवलेलं नाही. औषध खरेदी करताना मुलांच्या ताकदीच्या अँप्युल आणि लहान व्हायल मागवा, ८०ची जेंटामायसिन नवजात विभागात ठेवूच नका. आणि अन्न व औषध प्रशासनानं एच-वनच्या वह्यांची बेरीज करून जिल्हा शल्यचिकित्सकांना द्यावी. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजाताला शासकीय रुग्णालयात औषध मोफत मिळण्याचा हक्क २०११ पासून आहे. त्या हक्काच्या बाळांच्या चिठ्ठ्या माझ्या काउंटरवर का येतात, याचंही उत्तर मिळालं तर बरं.

माझ्यापुरतं सांगतो. येत्या १ तारखेपासून काचेतल्या बाळासाठी मेरोपेनेम, कोलिस्टिन किंवा आयव्हीआयजीची चिठ्ठी आली की औषध लगेच देणार. बाळाचं औषध अडवणार नाही. पण त्याच मिनिटाला चिठ्ठीवरच्या नंबरला फोन करून वजन, कारण आणि किती दिवस हे विचारणार आणि वेगळ्या वहीत लिहून ठेवणार. रात्री बारा वाजता आली तरी. ही वही ज्यांना बघायची असेल त्यांनी दुकानात यावं, बाळाचं आणि डॉक्टरचं नाव झाकून दाखवीन. तुमच्या आरएमओंना (निवासी डॉक्टरांना) आणि रात्रीच्या सिस्टरना तेवढं सांगून ठेवा, फोन मेडिकलवाल्याचा आहे म्हणून कट करू नका.

आपला,
एक औषध विक्रेता, परभणी